पंचफुलाचा अबोला आणि चाळीस चोर

जगदेवची बायको त्याच्याशी बोलत नव्हती, पण म्हणून घरात शांतता होती असं कोणी समजू नये. पंचफुला म्हशीशी बोलायची, मिक्सरशी बोलायची, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं द्यायची. नवऱ्यापर्यंत काही पोचवायचं असलं, की तेवढं मुलीकडे तोंड करून सांगायची. जगदेव तेव्हा हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ बसलेला असायचा.

"वैभवी, सांग तुह्या बापाले, भाकर गार होऊन राह्यली."

वैभवी बापाकडे वळायची. "बाबा, भाकर गार होऊन राह्यली."

"सांग तिले, आलो."

"आई, आलो म्हणतात."

वैभवी यंदाच वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. जे दिसलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही सवय तिला प्रयोगशाळेत लागली होती आणि ती आता आईबापांच्या भांडणातही पाळत होती. जगदेवला वाटायचं, घातलं असतं थोडं पदरचं तर काय बिघडलं असतं? 'आई, बाबा लय वाळून गेले' एवढं जरी तिने मधूनच सांगितलं असतं, तरी पुष्कळ काम झालं असतं.

भांडण तिळावरून झालं होतं. आसेगावात सोयाबीनच्या वावराला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने तिळाच्या दोन ओळी असतात, आणि त्या दोन ओळी घरच्या बाईच्या असतात. सोयाबीन कधी कापायचं, कधी विकायचं हे पुरुष बघतो. तिळाकडे तो बघतही नाही. यंदा नेमके तीळ पिकायला आले आणि पंचफुलाच्या भावजयीचं ऑपरेशन निघालं, म्हणून तिला मालेगावला जावं लागलं. जाताना बसच्या पायरीवरून तिने बजावलं होतं, "खालची बोंडं पिवळी पडली की कापजा. वाळू देऊ नोका. अन् पेंड्या उभ्या ठेवजा."

जगदेवने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण उभा जन्म त्याने तूर कापलेली, आणि तूर चांगली खडखडीत वाळल्याशिवाय तो विळा लावत नाही. तिळाला तरी कशाला घाई, असा त्याने विचार केला.

तिळाच्या बोंडाची गंमत अशी की ते वाळलं की टोकाकडून उकलतं, पाखराच्या पिलाने चोच उघडावी तसं. दाणे आतच राहतात, पेल्यात पाणी राहावं तसे. झाड उभं आहे तोवर एक दाणा खाली पडत नाही. जगदेवने ती वाळलेली झाडं ऐन दुपारी कापली, मोठी पेंडी बांधली आणि मोटरसायकलच्या मागे लटकवली. बुडखे वर, शेंडे खाली. वावरातून घरी येणारा रस्ता असा की त्यावर माणसाची कवळीसुद्धा जाग्यावर राहत नाही. घरी पोचल्यावर त्याला पहिलं नवल वाटलं ते चिमण्यांचं. आल्या वाटेवर, नजर जाईल तिथवर, चिमण्या रांग धरून काहीतरी टिपत होत्या.

पेंडी लुगड्यावर झटकली तेव्हा पेलाभर तीळ निघाले.

इथवर चूक झाली होती, पण ती साधी होती. जगदेव तेवढ्यावर थांबता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तो मनाचा मोठा माणूस. बायको दमून-भागून येणार आणि तिला पेलाभर तीळ दाखवायचे, हे त्याला बरं वाटेना. तो मंगरूळच्या बाजारात गेला, दुकानदाराकडून एक नंबरचे पांढरे तीळ घेतले, ते डब्यात ओतले, त्यावर घरचे तांबडे-काळे तीळ ओतले आणि हाताने चांगले कालवले. दुकानचे आणि घरचे असा भेद दिसू नये म्हणून.

पंचफुला आली. डबा उघडला. "हे काय केलं?"

"बरकत," जगदेव म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

रोज दुपारी ओसरीवर सूप घेऊन ती निवडत बसायची. तोंडाने म्हशीचा उद्धार चाललेला असायचा आणि बोटं सुपात. जगदेवने एकदा मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "तुही माय काय निवडून राह्यली?"

"तीळ," वैभवी म्हणाली.

"खडे असतीन त्यात. दुकानवाले लबाड."

वैभवी आपल्या कामाला गेली. हा काही प्रश्न नव्हता.

दिवस सरत होते आणि जगदेव आतून खरंच वाळत चालला होता. परवा नाल्याकाठी त्याला रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू दिसलं होतं. नुकतं जन्मलेलं, पाय कुठे ठेवावेत हे न कळणारं. तसा तो घाईने घरी आला, दारातच तोंड उघडलं, आणि मग आठवलं. ते पिल्लू तो शेवटी म्हशीला सांगून मोकळा झाला. म्हशीने ऐकून घेतलं, पण पंचफुला जसं "मंग? मंग त्याची माय कुठं होती?" असं विचारते, तसं म्हैस विचारत नाही. आता त्याला एकच हवं होतं. तिने त्याच्याकडे बघून एक वाक्य बोलावं. शिवी असली तरी चालेल.

तेवढ्यात कार्टून आलं.

कोजागिरीला भुलाबाईची बोळवण असते. महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खाऊ ओळखतात. डबा झाकलेला, बाई तो कानाशी हलवून दाखवणार, पोरी विचारणार गोड का तिखट, घरचं का दुकानचं, आणि बरोबर नाव घेतल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. यंदा बोळवण जगदेवच्या अंगणात होती. पोरींनी या वेळी काहीतरी नवीन दाखव म्हणून वैभवीच्या मागे लकडा लावला होता. तिला एक जुनं रंगीत कार्टून मिळालं. अरबस्तानातली ती, 'तिळा, उघड' म्हटलं की उघडणारी चाळीस चोरांची गुहा, लाकूडतोड्या, त्याचा लोभी भाऊ आणि चोरांना पुरून उरणारी दासी. लग्नात साऊंड लावणाऱ्या पवनकडे प्रोजेक्टर होता. अडचण एकच होती, कार्टून इंग्रजीत होतं.

"आवाज बंद ठेवू," वैभवी म्हणाली. "माइकवर आपणच बोलू. पवन लाकूडतोड्या आणि चोर. आई दासी. बाबा, तुम्ही लोभी भाऊ."

जगदेव तरुणपणी दंडारीच्या नाटकात राक्षसाची कामं करायचा. त्याच्या आवाजाने पाळण्यातली लेकरं उठायची. पण या वेळी त्याला आवाजाची पडली नव्हती. त्याने झटकन विचार केला. दासी कोणाची? लाकूडतोड्याची. म्हणजे लाकूडतोड्या बोलला की दासीला उत्तर देणं भाग आहे.

"मी लाकूडतोड्या होतो," तो म्हणाला. "पवन लहान हाय. लोभ त्याले जमते."

आतून पंचफुलाचा आवाज आला. "वैभवी, सांग त्यायले, ऐन टायमाले काय करायचं थेच जो विसरते, तेच काम त्यायले शोभते."

"बाबा..."

"ऐकलं," जगदेव म्हणाला. "अन् ह्या लोभ्याचं अन् दासीचं बोलणं किती हाय?"

"काहीच नाही. तो गुहेत अडकतो, चोर येतात, तो मरतो. मग ती गोष्टीत येते."

"म्हणजे मी मेल्याशिवाय तुही माय तोंड उघडत नाई."

"गोष्टीत," वैभवी नेमकेपणाने म्हणाली.

तालमीच्या वेळी पवनला एक शंका आली. "दार तिळाच्याच नावानं काहून उघडते? गुहेत तं सोनं हाय. सोन्याचं नाव घ्यायला पायजे."

वैभवीचे डोळे चमकले. तिने तिळाचं बोंड कसं उकलतं, त्याला कसे चार कप्पे असतात आणि ते कसं आपोआप टोकाकडून उघडतं, हे सांगायला घेतलं. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं असेल त्यालाच हा परवलीचा शब्द सुचला असणार, असा तिचा अंदाज होता. सगळे ऐकत होते. फक्त जगदेव जमिनीकडे बघत होता आणि पंचफुला जगदेवकडे. आसेगावात अजून एवढंच माहीत होतं की जगदेवच्या घरी यंदा तीळ कमी झाले. कसे कमी झाले, हे चिमण्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

कोजागिरीला अंगण भरलं. एका बाजूला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी, दुसऱ्या बाजूला चुलीवर दुधाचं मोठं पातेलं, मधे दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर. बाया एकीकडे, माणसं एकीकडे. पवनने दोन माइक आणले होते, एक माणसांच्या सतरंजीवर आणि एक बायांच्या. गाणी झाली, खाऊ ओळखून झाले, आणि पोरी अजून तोंड पुसत होत्या तोच चादरीवर घोडे आले.

पवनचे चोर चांगले होते, फक्त सगळे एकाच आवाजात बोलायचे. लाकूडतोड्याने गुहा पाहिली, शब्द ऐकला, सोनं आणलं. मग लोभी भाऊ आला आणि जगदेवने माइक हातात घेतला. पहिल्याच वाक्याला मागचं एक लेकरू रडलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. लोभी भाऊ आत गेला, दार बंद झालं, त्याने पोती भरली, आणि परत येऊन दारासमोर उभा राहिला. डोकं खाजवलं. इथे तो शब्द विसरतो.

"ज्वारी, उघड," जगदेव म्हणाला. "तुरी, उघड. हरभऱ्या, उघड."

खरं म्हणजे इथून चित्र पुढे जायचं. पण महिनाभर झाकणाखालचं ओळखत बसलेल्या पोरी समोर होत्या. सपना नावाची एक पोरगी गुडघ्यांवर उठली आणि पडद्याला विचारती झाली, "गोड का तिखट?"

"हळद," दुसरी ओरडली.

"सोयाबीन," माणसांतून कोणीतरी म्हणालं.

"सोयाबीन, उघड," जगदेवने मान राखला. "नाई उघडत."

तांड्यावरचा प्रेमसिंग पुढेच बसला होता. त्याला हे पटलं नाही. "असं कसं नाई उघडत? माह्या वावरातलं सोयाबीन तं कापायच्या आधी उघडलं. शेंगा फुटताना आवाज येऊन राह्यला. सोयाबीननं दार उघडलंच पायजे."

"काका, गोष्टीत नाही उघडत," वैभवी म्हणाली.

"काहून नाई? काही कारण असंन ना. तू शिकलेली हायस, सांग."

शास्त्र प्रेमसिंगच्या बाजूने होतं आणि वैभवीला ते कळत होतं. पवनला काही सुचेना, म्हणून त्याने चित्र थांबवलं. लोभी भाऊ तोंड उघडं टाकून दारासमोर उभा राहिला आणि अख्खं आसेगाव त्याला धान्यं सुचवू लागलं.

जगदेव माइक धरून तसाच उभा. बंद दाराकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, की असाच आपण रोज सकाळ-संध्याकाळ उभे असतो. दंडारीतला जुना गडी त्याच्यात जागा झाला. त्याने आवाज खाली आणला.

"कवाडबाई," तो म्हणाला, "इतके दिस बंद राहून तू नाई का कंटाळली?"

लोक हसले. मग हसणं विरलं, कारण बायांच्या माइकमध्ये कोणीतरी खाकरलं होतं.

"कवाड कंटाळत नाई," पंचफुलाचा आवाज आला. "कवाडाले म्हैस हाय बोलायले."

वैभवीने कागद चाळला. दाराला एकही वाक्य नव्हतं. पवनने तिच्याकडे बघितलं, तिने नकारार्थी मान हलवली. राहू दे.

"मंग काय म्हटलं की उघडशीन?" जगदेवने विचारलं.

"जे आत हाय, त्याचं नाव घ्या."

बरोबर शब्द जगदेवला माहीत होता. गेले कित्येक दिवस घरात तो त्या शब्दाला वळसा घालून चालत होता. त्याने माइक तोंडाजवळ नेला. "तीळ."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. पवनचं बोट बटणावर गेलं.

"नाई," दार म्हणालं.

टाळ्या थांबल्या. जगात कुठेही या शब्दाला हे दार उघडतं, आणि आसेगावात उघडलं नाही.

"तीळ मंगरूळच्या बाजारात भेटतात," पंचफुला म्हणाली. "दुसरं सांगा."

"चूक झाली माह्याकडून."

"थे आत नाई, थे बाहेर हाय. साऱ्याले दिसून राह्यलं."

प्रेमसिंग शेजाऱ्याला म्हणाला, "हे कार्टूनात हाय का?" शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

सपनाला मोठ्यांचं हे चाललेलं काही कळत नव्हतं, पण खेळ कळत होता. बाप्या माणसांना खाऊ ओळखता येत नाही, हेही तिला माहीत होतं. म्हणून तिने मदत केली. "काकू, गोड का तिखट?"

"कडू झालं हाय सध्या."

"घरचं का दुकानचं?"

"माहेरचं," पंचफुला म्हणाली.

माहेरचं. जगदेवने मालेगाव आठवलं, भावजय आठवली, ऑपरेशन आठवलं. काही जुळेना. मग त्याला एक बाटली आठवली. भिंतीतल्या देवळीत मागच्या बाजूला असते, औषधाची जुनी, तोंडाला फडकं बांधलेली. लग्न होऊन आली तेव्हा पंचफुलाच्या पेटीत ती होती. दरवर्षी पेरणीला ती बाटली वावरात यायची. सोयाबीनची पिशवी फोडायला मदत करा म्हणायची, पण ती बाटली कोणाच्या हातात द्यायची नाही. पंचफुलाची आई गेली त्या वर्षीही बाटली वावरात आली होती. जगदेव समजायचा, देवाधर्माचं काही असेल. आता त्याच्या डोळ्यांपुढे सूप आलं. सुपात खडे नव्हतेच. एका बाजूला पांढरे तीळ, एका बाजूला तांबडे-काळे. रोज दुपारी, एकेक दाणा.

पेलाभर उरले होते. पेलाभर म्हणजे कमी नव्हे. दोन ओळींना पेलाभर बी पुरून उरतं. आणि त्याने स्वतःच्या हाताने, चांगले कालवले होते.

"बी," तो म्हणाला. राक्षसाचा आवाज नव्हता, माइकपासूनही तोंड बाजूला गेलं होतं. "तुह्या मायचं बी होतं थे."

बायांच्या सतरंजीवरून पंचफुला उठून उभी राहिली. माइक खाली ठेवला आणि अंगणाच्या पलीकडून सरळ त्याच्याकडे बघितलं.

"मंग त्यात बाजारचे काहून टाकले तुमी?"

"पेलाभरच होते. तुले कमी दिसू नये म्हणून."

"कमी दिसले असते तं काय झालं असतं? मी रागावली असती. दोन दिस रागावली असती. आता निवडता निवडता माही मान गेली, डोळे गेले. इचारलं का एकदा, पंचफुला, तू काय करून राह्यली म्हणून? पोरीले इचारता. म्हशीले सांगता. रोहीचं पिल्लू म्हशीले सांगितलं तुमी."

"तुले कोणं सांगितलं?"

"मी गोठ्याच्या मागंच होती. मंग त्याची माय कुठं होती?"

"नाल्यापलीकडे," जगदेव म्हणाला. "उभी राहून पाहून राह्यली होती."

पवनने भीत भीत हात वर केला. "काकू, चित्र चालू करू का?"

"थांब जरा," पंचफुला म्हणाली. "आमचं चालू हाय."

आणि ते चालू राहिलं. वाळू देऊ नोका म्हटलं होतं का नाई, पेंड्या उभ्या ठेवजा म्हटलं होतं का नाई, मोटरसायकलवर उलटं कोणी बांधते का, असं सगळं साठलेलं निघालं. अशा रीतीने साऱ्या गावाला यंदाच्या तिळाचा हिशेब कळला. चिमण्यांपाशी आल्यावर प्रेमसिंग इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. भर अंगणात बोलणी खात जगदेव उभा होता आणि त्याच्या तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. ते पाहून पंचफुला जास्तच चिडत होती.

"उद्या सकाळी चष्मा लावून बसा सूप घेऊन," शेवटी ती म्हणाली. "काळे इकडं, पांढरे तिकडं. अर्धं मी केलं हाय."

"बसतो."

"अन् दुकानचा एक जरी दाणा राह्यला बियात..."

"नाई राहणार."

"चालू कर रे पवन," पंचफुला म्हणाली आणि पदर खोचून बसली.

लोभी भाऊ पुढच्या दोन मिनिटांत मेला. त्याच्यासाठी कोणाला फारसं वाईट वाटलं नाही, जगदेवला तर मुळीच नाही. काम संपलं म्हणून त्याने माइक पवनला दिला आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसला. पडद्यावर दासी आली. पंचफुलाने तिला असा काही आवाज दिला, की चोरांच्या सरदाराची मिशी जाग्यावर थरथरली. रात्र झाली, अंगणात रांजण आले, रांजणात चोर लपले. दासी उकळत्या तेलाची कढई घेऊन पहिल्या रांजणापाशी वाकली. झाकण उघडलं. आतून चोराने डोकं वर काढलं.

इकडे चुलीवरचं दूध उतू जायला आलं होतं, बाया पेले भरून वाटत होत्या, आणि पंचफुलाची नजर सतरंजीच्या कडेला गेली होती. माइक तोंडापाशीच होता.

"तुमी दूध घेतलं का?" दासीने चोराला विचारलं.

अंगणात हशा फुटला. वैभवीने कपाळाला हात लावला. पण चोराच्या ऐवजी माणसांच्या बाजूने, माइकशिवायच, मोठ्या आवाजात उत्तर आलं.

"नाई अजून," जगदेव म्हणाला. "तुही वाट पाहून राह्यलो."